फोटो विकत हवा की भाड्याने?

प्रति,
माननीय अध्यक्ष,
मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर, पुणे



गेली बावीस वर्षं मी पुण्यात व्यावसायिक छायाचित्रण करतो. लग्नकार्याचं नाही. कारखाने, यंत्रं, मसाले, दागिने, साड्या, हॉटेलांचे पदार्थ हा माझा रोजचा विषय. म्हणजे १९३४ पासून आपली संस्था ज्या उद्योजकांसाठी झटते आहे, त्यांच्याच मालाचे फोटो मी काढतो. नवा ग्राहक फोन करतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका फोटोचे किती घेता?" हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे. विचारणाऱ्यावर माझा राग नाही. दुसरा कोणता प्रश्न विचारायचा असतो हे आम्ही छायाचित्रकारांनी त्याला कधी सांगितलंच नाही. आपण मनावर घेतलंत तर ते काम होण्यासारखं आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे. पत्र खुलं ठेवलं, कारण माझ्या व्यवसायबंधूंनीही ते वाचायला हवं.

भोसरीत व्हीएमसी मशीनवर सुटे भाग बनवणाऱ्या कुणालाही "एका पार्टचे किती?" असं विचारून पाहा. तो आधी ड्रॉइंग मागेल. मटेरियल कोणतं, टॉलरन्स किती, लॉट केवढा, सेटिंग किती वेळा बदलावं लागेल, हे विचारेल. मग आपल्या मशीन-अवर रेटवरून हिशेब करेल. तो रेट तरी कुठून येतो? मशीनचा हप्ता, घसारा, वीज, ऑपरेटरचा पगार, टूलिंग, शेडचं भाडं यांची बेरीज करायची आणि मशीन वर्षात प्रत्यक्ष जितके तास चालतं त्या तासांनी भागायचं. जितके तास ते चालू शकलं असतं, त्यांनी नाही. हे आपल्या सभासदांना मी सांगावं असं काही नाही.

छायाचित्रकाराचा दरही असाच निघतो. माझ्यासारख्या मध्यम स्टुडिओचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. कॅमेरे, लेन्स, लाइट, संगणक मिळून ९ लाख रुपयांची सामग्री, आयुष्य पाच वर्षं धरलं, तर वर्षाला १,८०,००० रुपये झिजले. जागेचं भाडं महिना २५,००० म्हणजे वर्षाचे ३,००,०००. मदतनिसाचा पगार महिना १८,०००, वर्षाचा २,१६,०००. वीज, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा यांचे १,२०,०००. प्रवास, दुरुस्ती आणि हिशेबनीस धरून ८४,०००. हे झाले ९ लाख. त्यावर घर चालवायला महिना ५०,००० घ्यायचे म्हटलं, तर आणखी ६ लाख. एकूण १५ लाख.

आता भागायचं कशाने? वर्षाचे दिवस ३६५ असले तरी शूटचे दिवस ९० च्या पुढे क्वचितच जातात, कारण एका शूटच्या मागेपुढे निदान दोन दिवस जातात. आधी ग्राहकाशी बोलणं, जागा पाहणं, सामान जमवणं. नंतर निवड, रंगदुरुस्ती, रीटचिंग, फाइली पोचवणं. १५ लाखांना ९० ने भागलं की दिवसाला १६,६६७ रुपये येतात. यात नफ्याचा एक पैसाही धरलेला नाही, बुडीत बिलं धरलेली नाहीत आणि वरचा जीएसटीही नाही. "दिवसाचे पाच हजार देतो, रोज काम देतो" असं एखादा प्रेमाने म्हणतो तेव्हा मी ही बेरीज त्याच्यासमोर कागदावर मांडतो. कारखानदाराला ती लगेच पटते. घसारा आणि रिकामं मशीन हे शब्द त्याच्या घरचेच असतात.

दोन फोटोंना एकच दर का लावता येत नाही, हे मी दागिन्यांवरून शिकलो. ठुशी घ्या. तिचा प्रत्येक मणी हा एक छोटा बहिर्गोल आरसा असतो. लाइट लावला की प्रत्येक मण्यात खिडकी दिसते, छत दिसतं, कॅमेऱ्यामागे वाकलेला मी दिसतो. म्हणून तिच्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारायचा आणि भिंगापुरतं भोक ठेवायचं. सगळंच पांढरं झालं की सोनं मेणासारखं मऊ, निर्जीव दिसतं, म्हणून काळ्या कार्डाच्या पट्ट्या कापून आत अशा उभ्या करायच्या की मण्याला कड मिळेल. इतक्या जवळून घेतलेल्या फोटोत एका वेळी जेमतेम एक-दोन मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. त्यामुळे फोकस थोडा थोडा सरकवत पंचवीस-तीस फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर त्यांचा एक फोटो करायचा. त्यानंतर धुळीचे कण काढत बसायचं. डोळ्यांना न दिसणारी धूळ या फोटोत वाळूसारखी दिसते. एका ठुशीला अर्धा दिवस सहज जातो.

पैठणीची अडचण निराळी. तिच्यात उभ्या धाग्याचा रंग एक आणि आडव्याचा दुसरा असतो, म्हणून मोरपंखी पैठणी समोरून हिरवी आणि बाजूने निळी दिसते. फोटोत यांतला कोणता रंग खरा म्हणायचा? विणकराला एक हवा असतो, दुकानदाराला दुसरा. ऑनलाइन मागवणाऱ्या बाईला मात्र जो दिसला तोच घरी यायला हवा असतो. रंग चुकला की साडी परत येते, आणि जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो. रंगपट्टी लावून, मॉनिटर कॅलिब्रेट करून काढलेल्या फोटोचे पैसे अशा दोन-तीन परत येणाऱ्या साड्यांतच वसूल होतात.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही कामांना नगावर दर लावणं अगदी रास्त आहे. ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेवर लावायचा मुख्य फोटो शुभ्र पार्श्वभूमीवर लागतो, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, सगळं ठरलेलं असतं. लाइट एकदा लावला की त्याच जागी दिवसभरात साठ-सत्तर डबे, बाटल्या, पाकिटं होतात. तिथे नगाला अमुक रुपये म्हणणं सोयीचं आणि दोघांच्या हिताचं. मीही तसंच करतो. गोंधळ होतो तो हाच दर जाहिरातीच्या फोटोला लावला जातो तेव्हा.

हा गोंधळ मला २०१७ साली नीट कळला. एका मसाला-उत्पादकासाठी मी एका पत्रकाचे फोटो काढले होते. बारा फोटो, एकूण १४,००० रुपये. त्यांतल्या एकात लाकडी पाटावर काळा मसाला, शेजारी अर्धवट भाजलेलं खोबरं आणि दगडफूल. वर्षभराने तोच फोटो मला सोलापूर रस्त्यावरच्या होर्डिंगवर दिसला, मग एसटीच्या पाठीवर, मग पाकिटावर, आणि पुढे परदेशात जाणाऱ्या मालाच्या खोक्यावर. मी त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "पैसे दिले, फोटो माझा झाला." मी रागारागाने वकिलांकडे गेलो. वकिलांनी कायदा उघडून दाखवला. ग्राहक बरोबर होता, चूक माझी होती.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कादंबरीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती निर्माण करणारा असतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र कलम १७ मध्ये अपवाद आहे. मोबदला देऊन एखाद्याने फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. "उलट करार नसेल तर" या चार शब्दांवर आमच्या सगळ्या धंद्याचा भाव अवलंबून आहे, आणि माझ्या माहितीतल्या दहांतल्या नऊ कामांत करार नसतोच. फोनवर दर ठरतो, व्हॉट्सॲपवर "ओके" येतं, शूट होतं.

या अपवादाचं मूळ इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यात आहे. तो १९१४ च्या कायद्यामार्फत आपल्याकडे आला आणि १९५७ मध्येही राहिला. इंग्लंडने स्वतः १९८८ च्या कायद्यात तो काढून टाकला. कॅनडाने २०१२ मध्ये काढला. त्याच २०१२ साली आपल्या संसदेनेही कायदा दुरुस्त केला आणि छायाचित्रांच्या हक्काची मुदत वाढवली. पूर्वी ती प्रकाशनापासून ६० वर्षं होती, आता छायाचित्रकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं आहे. पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी कुणाची, हा भाग तसाच राहिला. कायदा बदलण्याची मागणी घेऊन मी आपल्याकडे आलेलो नाही. कायद्याने करार करायला मोकळीक दिली आहे, ती वापरावी एवढंच म्हणतो.

पुण्यात घर घेणं आणि घर भाड्याने घेणं यांतला फरक कुणाला समजवावा लागत नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार शिकायला आलेली मुलंसुद्धा करतात. त्यात लिहिलेलं असतं : जागा राहण्यासाठी, दुकानासाठी नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, मुदत संपली की नवा करार. खरेदीखताची किंमत वेगळी असते आणि ती कुणी भाड्याच्या दराने मागत नाही. फोटोच्या व्यवहारात मात्र भाड्याएवढे पैसे देऊन खरेदीखत हाती पडतं, आणि हे दोघांनाही ठाऊक नसतं. त्या मसालेवाल्यांनाही फोटो पाकिटावर छापताना आपण एखादा विशेष हक्क वापरतो आहोत असं वाटलं नव्हतं. त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कोटेशनचे दोन भाग करतो : फोटो तयार करण्याचे पैसे आणि तो वापरण्याचे पैसे. एक दिवसाचं शूट, तीन अंतिम फोटो आणि तयार करण्याचा दर १७,००० रुपये धरू. पदार्थ सजवणारा स्टायलिस्ट लागला तर त्याचे वेगळे. स्वतःच्या दुकानात, वेबसाइटवर आणि समाजमाध्यमांवर एक वर्ष वापरायचे असतील, तर त्याच १७,००० मध्ये. महाराष्ट्रापुरती होर्डिंग आणि वर्तमानपत्रातली जाहिरात एक वर्ष हवी असेल, तर एकूण २५,५००. देशभर, पाकिटासकट, तीन वर्षं हवी असेल, तर ४२,५००. कायमची मालकी हवी असेल, तर ६८,०००, आणि मग तो फोटो मी पुन्हा कुणाला देऊ शकत नाही. हे आकडे माझे आहेत. दुसऱ्या छायाचित्रकाराचे वेगळे असतील आणि असायलाही हवेत.

अशा दरामुळे छोट्या उद्योजकाचा खर्च वाढेल, अशी शंका कुणालाही येईल. माझा अनुभव उलटा आहे. मावळातल्या एका बचत गटाला नाचणीचे पापड आणि कुरडया यांचे फोटो हवे होते. वापर एकाच प्रदर्शनापुरता आणि सहा महिने फेसबुकवर. कायमची मालकी त्यांच्या कामाची नव्हती, मग तिचे पैसे त्यांनी का द्यावेत? मी निम्म्या दिवसाचा निर्मिती-दर घेतला आणि वापराचं काही लावलं नाही. दोन वर्षांनी त्यांचा माल मुंबईच्या दुकानांत जाऊ लागला तेव्हा त्याच बायकांनी फोन करून पाकिटावरच्या वापरासाठी वेगळे पैसे दिले. मला मागावे लागले नाहीत. करारात काय लिहिलं आहे ते त्यांच्या खजिनदार बाईंना पाठ होतं. दर वापराशी जोडला की लहान ग्राहकाला परवडतो आणि तो मोठा झाला की छायाचित्रकाराच्या पदरातही काही पडतं.

छायाचित्रकार एकत्र येऊन किमान दर का ठरवत नाहीत, असं मला काही ग्राहकच विचारतात. सरळ उत्तर असं, की ते बेकायदा ठरेल. एकाच धंद्यातल्या लोकांनी संगनमताने दर बांधणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येतं. आणि ते बरोबरही नाही. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलीने माझ्यापेक्षा कमी दर लावावा, काम मिळवावं, शिकावं. कमी दराबद्दल मी तिला कधीच बोल लावणार नाही. पण कमी पैशांत आपण मालकीही देऊन टाकतो आहोत हे तिला कळलं पाहिजे. गिऱ्हाइकाची गाडी बघून दर सांगणारे आमच्यात आहेत, समोरच्याने तोंड वाकडं केलं की जागच्या जागी निम्म्यावर येणारेही आहेत. निम्म्यावर येता येत होतं तर आधीचा दर कशाचा होता, हा ग्राहकाच्या मनातला प्रश्न रास्तच आहे. पैसे कमी करायचे असतील तर कामही कमी करावं : फोटो पाचऐवजी तीन, मुदत तीन वर्षांऐवजी एक. तेच काम कमी पैशांत दिलं की आधीचा आकडा खोटा होता असा त्याचा अर्थ होतो.

हा देश कारखान्याच्या फोटोची किंमत ओळखत नव्हता असंही नाही. मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी यंत्रं, चिमण्या आणि कामगार असे टिपले की औद्योगिक छायाचित्रण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला. त्याही आधी, १९२० मध्ये, किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघालं ते चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांच्या हातून. नांगर विकणाऱ्या कारखान्याला चित्राचं मोल शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता तयार चित्र यंत्राकडून बनवून मिळतं, मग फोटोला पैसे कशाला, हे मी गेल्या दोन वर्षांत पुष्कळदा ऐकलं. मळ्यावरची पहाट किंवा चहाच्या कपावरची वाफ तसल्या चित्राने चालून जाईल. पण जे लोणचं बरणीत आहे तेच चित्रात दिसलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फोडी किती मोठ्या आहेत हे खऱ्या बरणीत बघूनच ठरवावं लागतं.

पैसे मिळण्याचा विषय दराइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकजण मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात आणि बिलं अडकली की पगार कसे करायचे या काळजीत रात्री काढतात. हे दुःख मला त्यांच्याच शेडमध्ये शूट करताना ऐकायला मिळालं आहे. एमएसएमई कायदा, २००६ त्यांच्यासाठी आहे तसाच उद्यम नोंदणी असलेल्या छायाचित्रकारासाठीही आहे. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात अशी तरतूद आणली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीसाठी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच धरता येतो. म्हणजे छायाचित्रकाराचं बिल मार्चनंतर ढकलणं ग्राहकालाही महागात पडतं. माझ्या ओळखीच्या निम्म्या छायाचित्रकारांनी उद्यम नोंदणी केलेली नाही. ती मोफत आहे आणि घरबसल्या होते. या पत्राने त्यांतल्या चौघांनी केली तरी मला आनंद होईल.

आपल्याकडे मागणं असं आहे. छायाचित्रणाच्या कामासाठी एक पानी नमुना करार चेंबरने मराठीत आणि इंग्रजीत तयार करून आपल्या सभासदांना द्यावा. त्यात मालकी कुणाची, वापर कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात, किती मुदतीपर्यंत, मुदत वाढवायची तर किती पैशांत, रॉ फाइली द्यायच्या की नाही आणि पैसे कोणत्या तारखेला, एवढ्यासाठीच रिकाम्या जागा असाव्यात. दर त्यात छापू नयेत. ते दोघांनी ठरवावेत. मालकी ग्राहकाकडे राहावी असं ठरलं तर तेही चालेल, फक्त ते लिहून आणि त्याची किंमत मोजून व्हावं. अशा कागदामुळे ग्राहकाचंही रक्षण होतं. छायाचित्रकार बदलला, दोघांत बिनसलं, कंपनी विकली गेली, तरी पाकिटावरच्या फोटोचा हक्क कुणाकडे आहे हे शोधत वकिलाकडे जावं लागत नाही.

२०१७ नंतर मी आणि माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी मिळून असा एक मसुदा केला. तो दीडशेहून अधिक कामांत वापरला आहे आणि अडेल तिथे दुरुस्तही केला आहे. आपल्या विधी विभागाने तो तपासावा, हवा तितका बदलावा आणि संस्थेच्या नावाने वापरावा. त्याचं श्रेय किंवा मोबदला मला नको. सभासदांसमोर तासाभराचं बोलणं ठेवलंत तर मी माझी बिलं, कोटेशनं, आणि ज्यात फसलो ते कागदही घेऊन येईन, आकड्यांसकट.

दिवाळीच्या जाहिरातींची शूट श्रावणात सुरू होतात. त्याआधी हा कागद उद्योजकांच्या हाती पडला, तर या वर्षीचे कंदील, फराळाचे डबे आणि ठुशा नव्या कराराने टिपल्या जातील.

कळावे,
आपला विश्वासू,
पुण्यातला एक व्यावसायिक छायाचित्रकार